निजलेलं पाणी

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

मु. पाली, नदीकाठ
आषाढ शुद्ध ६, शके १८३८

चिरंजीव धर्मराज यास थोरला भाऊ बिभीषण याचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे जिवंत आहेत. सगळे खुशाल असं लिहायची पद्धत आहे, पण खोटं कशाला लिहू? आईचा खोकला हटत नाही. बाचा गुडघा ओलीनं पुन्हा धरलाय. हैद्राबादची तुझी खोली हवेशीर आहे आणि खानावळीत ज्वारीची भाकरी मिळते, हे मी वाचून दाखवलं तेव्हा आईला फार बरं वाटलं. तिनं ते दोनदा वाचायला लावलं.

वरचं ठिकाण बघून तुला नवल वाटलं असेल. आषाढ लागला तरी आम्ही घाटाखाली पालीतच कसे? तेच सांगायला बसलोय. शांतपणे लिहायचं ठरवलं होतं, पण जमेल असं वाटत नाही.

यंदा गंगथडीला आपलं बरं चाललं. उमापूरच्या कुणब्यांनी शेतात मेंढरं बसवून घेतली आणि खताच्या बदल्यात ज्वारी देताना हात आखडला नाही. ज्येष्ठ सरता सरता गेवराईवरून निघालो, पालीला आलो, गुडघ्यामुळं होळीपासून पालीतच राहिलेल्या बाला बरोबर घेतलं आणि घाटाच्या तोंडाशी गेलो, तर तिथं एक चौकीदार उभा. छातीवर बिल्ला, हातात लाठी.

"वर जायाचं न्हाई," म्हणाला. "माळ राखीव झाला. रिसाल्याच्या घोड्यायसाठी गवत राखलंय."

आपल्या सटवाकाकांना वाटलं, गडी थट्टा करतोय. ते हसून म्हणाले, "आरं बाबा, आमचं घर हाय वर. घरी जाया कुनाला इचारायचं?"

"वर कुनाचंबी घर न्हाई. मोजणी झाली चैतात. नकाशात हिवरमाळ बेचिराग हाय. वस्ती न्हाई, पानी न्हाई."

धर्मा, आमची सगळी वाडी मेंढरांसकट त्या माणसापुढं उभी होती, आणि तो आम्हाला सांगत होता की आम्ही कुठं राहत नाही.

तुला हे माहीत आहे, तरी तुझ्या खात्यातल्या लोकांना वाचून दाखवता यावं म्हणून पुन्हा लिहितो. होळी झाली की आपण माळ सोडतो. छपराचं गवत उतरवून मेंढरांपुढं टाकतो, वासे बैलावर लादून खाली नेतो. मागं उरतात त्या कमरेएवढ्या दगडी भिंती. झऱ्याच्या तोंडावर शिळा सरकवतो, वर माती लोटतो, काटे पसरतो. आई शिळेवर हात ठेवून म्हणते, पाणी निजलं. मग परत येऊन शिळा काढेपर्यंत त्या पाण्याचं नाव कोणी काढायचं नाही. नाव काढलं तर पाणी उठून दुसरीकडं जातं, अशी आपली समजूत. अशा दिवसांत कोणी मोजणीवाला आला तर त्याला पाणी दिसणार नाही हे मी समजू शकतो. पण भिंती? चुली? बिरोबाच्या देवळापुढचा ताजा भंडारा? त्या शहाण्याच्या डोळ्यांच्या जागी काय कवड्या बसवल्या होत्या? बरं, माणसानं खाली पालीत उतरून कोणाला तरी विचारावं! माणूस विचारतो की नाही?

आता आम्ही दुसऱ्याच्या रानात पालं ठोकून आहोत. काळी जमीन, घोट्याएवढा चिखल. मेंढरांचे खूर सडायला लागलेत, रोज एखादं बसतं ते उठत नाही. माळावर पाणी ठरत नाही, म्हणून तर आपले आजे-पणजे पावसाळ्याला वर जात आले. पाटलाकडं गेलो आणि म्हटलं, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या चराई भरतो, पावत्या आहेत. तर पाटील म्हणतो, पावती मेंढराची असते, माणसाची नसते. त्याच्या तोंडाला लागलो असतो, पण सटवाकाकांनी मागं ओढलं.

त्रिंबक मास्तर अर्ज लिहून देणार आहेत. तेच एक आपले. तू त्यांच्याकडे शिकायचास आणि मी तुला न्यायला येऊन पायरीवर बसायचो, तेव्हा उचललेली अक्षरं आज अशी कामाला येतील असं वाटलं नव्हतं.

तुझ्याकडं एकच मागणं. तू त्याच मोजणीच्या खात्यात आहेस. हिवरमाळ कोणी मोजला त्याचं नाव काढ. त्याला म्हणावं, चूक झाली असं एक पत्र तहसीलीला पाठव. नाही पाठवलं तर अमावास्येला मी बिरोबापुढं त्याच्या नावानं भंडारा उचलणार आहे. मग त्यानं आपलं बघावं.

एक गोष्ट राहिली. चैत्री पुनवेला बा एकटाच भोपळ्यात पाणी घेऊन वर निवद दाखवायला गेला होता. मी विचारलं, कोणी दिसलं का? तो म्हणतो, याद नाही. पुन्हा विचारलं की उठून मेंढरांकडं जातो. म्हातारपण आलं, दुसरं काय!

उत्तर लवकर धाड. आईनं तुझ्या तोंडावरून हात फिरवलाय असं समज.

तुझा थोरला भाऊ,
बिभीषण


मु. पाली
श्रावण शुद्ध १२

धर्मराज,

आशीर्वाद लिहिले नाहीत. विसरलो असं समजू नकोस.

तुझं उत्तर पोचलं. "मोजणीला माणसं पुष्कळ असतात, कोण कुठं गेलं हे सांगणं कठीण, तरी चौकशी करतो." अक्षर सुरेख आहे. मास्तरांनीही वाखाणलं. हे लिहिताना तुझा हात एकदा तरी अडखळला का?

अमावास्येला काय झालं ते ऐक. नदीकाठी बिरोबाचा टाक मांडला. सगळी वाडी बसली. मी आंघोळ करून ओल्यानंच पुढं झालो, मुठीत भंडारा घेतला आणि म्हणायला लागलो, "ज्यानं आमचा माळ ओसाड लिव्हला, त्याचं घर..."

पुढचं तोंडातच राहिलं. बा उठला. ज्याला हल्ली आम्ही दोघं धरून उठवतो तो बा कसा उठला कोण जाणे. त्यानं माझ्या हातावर असा तडाखा दिला की सगळा भंडारा चिखलात. सगळी वाडी बघत राहिली. बा म्हणाला, "नगं बिभीषणा. नगं म्हणू. आपलाच हाय त्यो."

सटवाकाकांना वाटलं म्हाताऱ्याला भ्रम झाला. मी बाला बाजूला नेलं. तो काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहितो. मला त्यात एक अक्षर घालायचं नाही आणि गाळायचंही नाही.

"निवद दावून देवळाम्होरं बसलो व्हतो. तवा साहेब आला घोड्यावर. मागं चार मान्सं. त्यात ह्यो. आंगात कोट, डोक्याला रुमाल. म्या चालीवरूनच वळखलं. लई बरं वाटलं मला. उठून हुबा ऱ्हायलो. त्यानं तीन पायाची फळी मांडली, वर कागद डकवला, येक डोळा झाकून माळ बगाया लागला. मग माज्याकडं वळला. हिंदुस्थानीत म्हणला, 'क्या बुड्ढे, इधर कोई रहता है?'"

मी विचारलं, "मग तू काय म्हणलास?"

"म्या म्हणलो, न्हाई साहेब. हितं कुनी ऱ्हात न्हाई."

"कावून? आसं कावून म्हणलास?"

"त्याला तेच पायजे व्हतं. तोंडावर दिसत व्हतं त्याच्या."

धर्मा, तुला बोलायला कोणी शिकवलं? मेंढरामागं खांद्यावर बसवून कोल्हा, ससा, होला ही नावं कोणी सांगितली? त्या माणसाला तू परक्या भाषेत म्हातारा म्हणालास. साहेबाला मराठी येत नसेल, ठीक. पण प्रश्न साहेबाचा नव्हता, तुझा होता.

मास्तर तहसीलीत जाऊन नकाशा बघून आले. म्हणाले, काम उत्तम झालंय, एकही वळण चुकलेलं नाही. नदी काढलीस. घाटाची वाट काढलीस. घाटातलं एकटं हिवराचं झाडसुद्धा काढलंस. बिरोबाचं देऊळ काढून त्यापुढं 'पडकं' असं लिहिलंस. आणि जिथं तू जन्मलास, जिथं आईनं तुला चुलीच्या उबेला निजवलं, त्या जागेवर कोरा कागद ठेवलास. मास्तर हे सांगत होते तेव्हा त्यांना अजून ठाऊक नव्हतं कोणी काढलाय. मी सांगितलं नाही. मला लाज वाटली. काम तुझं आणि लाज मला, अशी वाटणी झाली बघ!

आणि पाणी? बा म्हणाला, तुझ्या फळीचा एक पाय शिळेवरच होता. तू चुकून तिथं उभा राहिला नव्हतास. माळावर तेवढीच जागा सपाट आहे हे तुला लहानपणापासून माहीत. पाण्याच्या डोक्यावर उभा राहून तू लिहिलंस, पाणी नाही.

का केलंस हे मला समजत नाही असं नाही. खात्यात तू स्वतःला पाटलाचा मुलगा म्हणवतोस, हे गेल्या साली बीडच्या बाजारात एकानं सांगितलं होतं. मी त्याचीच गचांडी धरली होती. साहेबापुढं घोंगडी पांघरलेला, तोंडात दात नसलेला माणूस 'धर्मा' म्हणून गळ्यात पडला असता तर तुझी पाटीलकी गेली असती. म्हणून सगळी वाडी पुसलीस. बाला ओळख दिली नसतीस आणि वस्ती लिहिली असतीस, तरी मी एक वेळ गिळलं असतं. पण वस्ती म्हटलं की साहेब विचारणार, चला दाखवा, कोण राहतं. होय ना?

आईला मी सांगितलं नव्हतं. तिला कळलंय. कसं ते विचारू नकोस. तिनं तुझं जुनं पत्र पुन्हा वाचायला लावणं बंद केलंय.

भाद्रपदात वद्य पंचमीला बीडला तहसीलदारापुढं आमची पेशी आहे. रजा काढ आणि ये. तिथं उभा राहून सांग की माळावर वाडी आहे, झरा आहे, मी तिथला आहे. बाकी काही नको. मेंढरं अर्ध्यावर आली आहेत. सटवाकाकांची सून पालात बाळंत झाली, जमिनीला ओल, खाली अंथरायला कोरडं गवत नाही. गवत सगळं वर, आणि ते घोड्यांचं!

ये. मी तुला मारणार नाही, एवढं लिहून देतो.

बिभीषण


मु. पाली
भाद्रपद वद्य ९

धर्मराज,

पेशीला तू आला नाहीस. सकाळी निघायच्या वेळेला तुझं पत्र आलं, ते मी कचेरीच्या ओट्यावर बसून वाचलं.

तू लिहितोस, निजलेल्या पाण्याचं नाव काढायचं नसतं, ही आपलीच रीत, म्हणून मी गप्प राहिलो. वा रे वा! आपल्यातलं काहीही तुला नको. कोट चढवताना आपला देव नको, आपली भाषा नको, बाप नको. आणि गळ्याशी आलं तेव्हा आपली रीत बरोबर सापडली. अरे, रीत पाण्याचं नाव न काढण्याची आहे. बापाचं नाव न काढण्याची रीत कोणत्या वाडीत आहे ते सांग, मी तिथं जाऊन बघून येतो.

पुढं लिहितोस, नकाशा छापायला गेला, आता बदल होत नाही. आणि खोटी नोंद केली असं ठरलं तर नोकरी जाईल, कदाचित खटलाही होईल. हे मात्र खरं लिहिलंस. त्यावरूनच पुढचं घडलं.

पेशीचं सांगतो. तहसीलदार नवे आहेत, माणूस आडमुठा नाही. मास्तरांनी अर्ज वाचला. तहसीलदारांनी बाला पुढं बोलावलं आणि नीट विचारलं, "म्हातारबा, मोजणीच्या माणसाला तुम्हीच सांगितलं की वर कोणी राहत नाही?"

"व्हय सरकार."

"का सांगितलं?"

"चुकलं सरकार. म्हातारपन हाय. याद ऱ्हात न्हाई."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मागून ओरडलो, "सरकार, मोजणीवाला माझा सख्खा भाऊ व्हता! बापाला त्यानं वळख दिली न्हाई, म्हणून बाप आसं बोलला!"

तहसीलदारांनी हातातली लेखणी खाली ठेवली आणि बाला विचारलं, "हे खरं आहे?"

मला वाटलं, आता सुटलो. बानं 'व्हय' म्हटलं की संपलं. बानं कंबरेची पिशवी सोडली, मुठीत भंडारा घेतला. तो भंडारा उचलून कधी खोटं बोलला नाही, हे तुला माहीत आहे आणि मलाही. त्यानं मूठ वर केली आणि म्हणाला, "भंडारा उचलून सांगतो सरकार. मला येकच ल्योक हाय, ह्यो हुबा हाय त्यो. मोजणीवाला माजा कुनी न्हाई."

मला माझ्या बापाचा इतका राग आयुष्यात आला नव्हता. वाडीतली माणसं मागं उभी होती. सगळ्यांना एव्हाना खरं ठाऊक होतं आणि कोणीही तोंड उघडलं नाही, कारण ज्यानं भंडारा उचलला त्याला खोटं कसं पाडणार? त्यानं वाडीचं घर घालवलं आणि तुझी नोकरी राखली. तू त्याला एकदा नाकारलंस तेव्हा स्वतःला वाचवलंस. त्यानं तुला नाकारलं तेही तुलाच वाचवायला. आम्ही सगळे मधल्या मधे चिखलात.

बाहेर आल्यावर मी त्याला वाटेल ते बोललो. लिहिण्यासारखं नाही. तो शेवटी एवढंच म्हणाला, "तुजं बरुबर हाय. पर त्याला तुरंगात कसा घालू?"

त्या दिवसापासून बा कपाळाला भंडारा लावत नाही. आई रोज पहाटे समोर धरते, तो मान फिरवतो. खोटी आण घेतलेल्या कपाळाला चालत नाही म्हणतो. जेवतो, चालतो, मेंढरांच्या खुरांना तेल लावतो. पण बिरोबासमोर येत नाही, लांब बसतो. ज्या माणसानं जन्मात देवाचं एक पूजन चुकवलं नाही, तो आता देवाकडं पाठ करून बसतो, आणि हे मी रोज बघतो. तू बघत नाहीस.

तहसीलदारांनी मास्तरांना नंतर आत बोलावलं. म्हणाले, "म्हातारा कोणाला तरी झाकतोय हे मला दिसतं. पण वर पाठवायला मला काहीतरी हातात लागेल. मोजणीचा माणूस स्वतः येऊन बोलला, तर मी नोंद करून वर लिहितो, आणि त्याच्यावर बालंट येऊ नये असंही लिहितो. दसऱ्यापर्यंत निकाल देत नाही." मास्तर म्हणतात, माणूस शब्दाचा पक्का आहे. माझा आता कोणावर विश्वास नाही, पण मास्तर म्हणाले म्हणून लिहितो.

आता नीट वाच. बानं मला निक्षून सांगितलंय की धर्माला बोलावू नको, त्याला लिही, सगळं मिटलं. मी त्याचं ऐकत नाही. मी लिहितो, ये. काही मिटलेलं नाही.

आलास तर आधी तहसीलदाराकडं जाऊ नकोस. दसऱ्यापर्यंत दर बाजाराला मी काहीतरी निमित्त काढून बाला बीडला आणणार आहे; कचेरीच्या ओट्यावर एक म्हातारा बसलेला असेल. सगळा बाजार भरलेला असेल, तुझ्या ओळखीचे कारकून येत-जात असतील. त्या सगळ्यांच्या देखत, आपल्या बोलीत, त्याला बा म्हणून हाक मार. मग आत जाऊन काय बोलायचं ते बोल. हाक मारायला जमलं नाही, तर आत जाऊही नकोस. तशी वाडी आम्हाला नको.

आणि नाहीच आलास, तरी दसऱ्याला सकाळी आम्ही घाट चढणार आहोत. वाडीचं ठरलंय. मेंढरं खाली मरतायत, ती वर जाऊन मरतील. चौकीदार आता एकटा नाही, सरकारनं आणखी माणसं आणलीत, सगळ्यांच्या हातात लाठ्या. सटवाकाका म्हणाले, तरण्या गड्यांनी पुढं राहावं. बा म्हणाला, न्हाई, पुढं मी. वर कोणी राहत नाही हे माझ्या तोंडून गेलं, तर वर कोणी राहतं हे माझ्याच पायांनी दाखवीन. त्या गुडघ्यानं! मी पुष्कळ भांडलो. ऐकत नाही.

तेव्हा दसऱ्याला पहिली लाठी कोणाच्या अंगावर पडणार, हे तुला आज कळलंय. मला कळलं नव्हतं, असं तुला पुढं कधी म्हणता येऊ नये, म्हणून हे पत्र.

अजून तरी तुझा भाऊ,
बिभीषण धुळाजी
राहणार हिवरमाळ